बालसभा ते ग्रामसभा: शाळकरी मुलांना गावाच्या कारभारात कसं आणायचं

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन हुशार मुलं उभी करायची, गुरुजींनी लिहून दिलेला कागद त्यांनी वाचायचा, टाळ्या पडायच्या, फोटो निघायचा आणि मुलं घरी जायची. खान्देशात गावोगावी 'मुलांचा सहभाग' असाच उरकला जातो. यात मुलांचा दोष नाही, क्रम उलटा झालेला असतो. आधी भाषण ठरतं, मग त्यात घालायला प्रश्न शोधले जातात, आणि उत्तर कोणी मागतच नाही.

बालसभा, म्हणजे मुलांनी गावाचे प्रश्न मांडायची सभा, चांगली झाली की नाही, हे मुलं किती धीटपणे बोलली यावरून ठरवू नका. मुलांच्या अर्जाला लेखी उत्तर आलं का, एवढं बघा. पुढची सगळी पद्धत त्या उत्तरासाठी आहे. ती जिल्हा परिषदेच्या आणि माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांसाठी, तशीच हे काम मनापासून करू पाहणाऱ्या सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी लिहिली आहे. (ग्रामसेवकांचं पदनाम आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं आहे. गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात, म्हणून इथेही तेच.) मुलं सहावी ते नववीची घ्या.

1. वेळापत्रक ग्रामसभेपासून मागे मांडा

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. रिवाजाने त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होतात. मुलांच्या दृष्टीने यातली 1 मेची सभा सोडून द्या. परीक्षा झालेल्या, ऊन पंचेचाळिशीला टेकलेलं, आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नसराई यांत निम्मी घरं पाहुण्यांत असतात.

खरी महत्त्वाची सभा 2 ऑक्टोबरची. पुढच्या आर्थिक वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम त्या सुमाराला सुरू होतं आणि हिवाळ्यात आराखडा पक्का होतो. त्यानंतर आलेली मागणी कितीही रास्त असली तरी 'पुढच्या वर्षी बघू' या खात्यात जाते.

म्हणून जून-जुलैत परवानग्या आणि गट, ऑगस्टमध्ये गावफेरी, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बालसभा, तिसऱ्या आठवड्यात अर्ज आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा, असा क्रम लावा.

दिवाळीनंतर हे काम काढू नये, याला आणखी एक कारण आहे. नंदुरबार जिल्ह्यातून आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, बरीचशी गुजरातेत. कापूस वेचणीतही मोठ्या मुली घरी अडकतात. पाणी, शाळा, रस्ता यांचा सगळ्यात जास्त त्रास ज्या मुलांना होतो, नेमकी तीच मुलं नोव्हेंबरनंतर वर्गात दिसत नाहीत. त्यांना वगळून केलेली बालसभा गावातल्या स्थिर घरांचीच बालसभा ठरते.

*तपासा:* सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अर्ज हातात असेल असं वेळापत्रक आहे का? नसेल तर 26 जानेवारीची सभा धरा, पण गावफेरी तरी दिवाळीआधी उरका.

2. परवानगी तोंडी नको

पहिलं पत्र शाळा व्यवस्थापन समितीला द्या. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, त्यामुळे इथे ठराव झाला की 'आमची पोरं राजकारणात कशाला ओढता?' हा प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो. दुसरं पत्र ग्रामपंचायतीला. त्यात चार गोष्टी स्पष्ट मागा: एक दिवस कार्यालय बघायला मिळावं, बालसभेला सरपंच आणि ग्रामसेवक यांनी स्वतः यावं, मुलांचा विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि निर्णय काहीही झाला तरी महिन्याभरात शाळेला लेखी कळवावं.

चौथ्या मुद्द्यावर सरपंच कचरतात. तिथे घाई करू नका. 'नाही' हेसुद्धा उत्तर चालेल, फक्त कारण लिहा, असं समजावून सांगा. त्याला होकार मिळाला नाही तर त्या वर्षी मुलांना ग्रामसभेत नेऊ नका, शाळेपुरतंच काम करा. उत्तराविना परतलेलं मूल पुढच्या वर्षी हात वर करत नाही.

*सावधान:* पंचायतीची किंवा दुसरी कुठलीही निवडणूक तोंडावर असेल तर थांबा. मुलांनी विचारलेला साधा दिव्याचा प्रश्नही त्या काळात कुठल्यातरी पॅनलचा होतो. पंचायतीवर प्रशासक असला तरी ग्रामसभा होतेच, त्यामुळे त्या कारणाने काम अडवू नका.

3. गट कोणाचा?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. वर्गात पहिला येणारा, सरपंचांचा पुतण्या, वक्तृत्वात बक्षीस मिळवलेली मुलगी, अशी निवड सोपी वाटते आणि काम तिथेच बिघडतं. पंधरा ते वीस मुलांचा गट करा आणि आधी गावाचे भाग कागदावर लिहा: मूळ गाव, प्लॉट भाग, दलित वस्ती, भिल्ल वस्ती, शेतातली घरं, नदीपलीकडचा पाडा. प्रत्येक भागातली किमान दोन मुलं, निम्म्या मुली. दिव्यांग मूल असेल तर त्याला गावफेरीतही घ्या. शाळेचा उतार चाकाच्या खुर्चीला चालतो का, हे दुसरं कोणी सांगू शकणार नाही. शाळा सुटलेली मुलंही बोलवा. हॉटेलात किंवा शेळ्यांमागे असलेला तेरा वर्षांचा मुलगा गावाबद्दल जे जाणतो ते वर्गातल्या मुलांना ठाऊक नसतं.

शाळेत मीना-राजू मंच (मुला-मुलींचा गट) किंवा शालेय मंत्रिमंडळ असेल तर त्यातली मुलं घ्या, पण केवळ तीच नकोत.

भाषेचं आधीच ठरवा. मुलं घरी अहिराणी बोलतात, रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्यात पावरी, भिली. 'प्रमाण मराठीतच बोला' असं म्हटलं की निम्मा गट गप्प होतो. 'आमना नळले पानी येत नही' हे वाक्य ग्रामसभेत सगळ्यांना समजतं, सरपंचांना तर पक्कं समजतं. बोलणं बोलीत होऊ द्या, फक्त अर्ज मराठीत लिहा.

*तपासा:* गटातलं कोण कोण आजवर शाळेच्या स्टेजवर कधीच गेलेलं नाही? अशी निम्मी मुलं असतील तर निवड बरी झाली.

4. पंचायत आतून दाखवा

नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला तक्ता पाठ करून घेऊ नका. मुलांना कार्यालयात न्या आणि कागद हातात द्या. नमुना नंबर 1 म्हणजे अंदाजपत्रक, नमुना 8 म्हणजे घरांची कर आकारणी. घरपट्टी आणि पाणीपट्टी किती येणं आहे आणि किती आली, हे मुलांनी विचारावं. वसुली बघितलेलं मूल पैसे मागताना अंदाज धरून मागतं.

तीन गोष्टी मुलांना कळायलाच हव्यात.

पहिली, पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. 'गेल्या वर्षी ते दहा टक्के किती झाले आणि कशावर गेले?' हा मुलांनी विचारायचा सर्वात चांगला प्रश्न आहे. विचारताना आवाज साधा ठेवा, तो आरोप वाटता कामा नये.

दुसरी, वित्त आयोगाचा निधी कसाही वापरता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती, उरलेली 40 टक्के गावाच्या इतर गरजांना. बंधित (ठरलेल्या कामाला बांधलेला) आणि अबंधित (मोकळा) हे दोन शब्द मुलांना समजले की मागणी कुठल्या रकान्यात बसवायची हे त्यांचं त्यांना सुचतं.

तिसरी गोष्ट पेसा गावांची, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या पंचायतींचा पेसा कायदा लागू असलेल्या गावांची. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर हे तालुके, शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर आणि जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा, यावल, रावेर यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित झाला असेल तर त्याची ग्रामसभाही स्वतंत्र असते. पेसा पंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि शिक्षण, आरोग्य, स्वच्छता हे त्यातले मान्य विषय आहेत. पाड्यावरच्या मुलांची मागणी मोठ्या गावाच्या सभेत नेऊन टाकणं ही इथली नेहमीची चूक.

ज्यांना जमेल त्यांनी आणखी एक करावं. पांझरेच्या काठी फड पद्धतीची, म्हणजे पाटाचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीची गावं आहेत. तिथल्या पाटकऱ्याला (पाटाचं पाणी वाटणाऱ्याला) वर्गात बोलवा किंवा मुलांना पाटावर न्या. कोणाला पाणी आधी, कोणाला नंतर, बारी चुकली तर काय, हे गावाने मिळून ठरवायचं आणि पाळायचं असतं, हे तो माणूस अर्ध्या तासात समजावतो. साक्री तालुक्यातलं बारीपाडा जवळ असेल तर तेही दाखवा. गावाने जंगल राखण्याचे नियम स्वतः केले आणि पाळले, ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या पंचायतीचा मंजूर आराखडा कोणालाही बघता येतो. तो शाळेच्या संगणकावर उघडा आणि गेल्या वर्षी लिहिलेली कामं गावात खरोखर दिसतात का, याची यादी करा. ती यादी पुढच्या टप्प्यात लागणार आहे.

5. गावफेरी: मोजा, मग बोला

'आमच्या गावात पाण्याची समस्या आहे' या वाक्याला पंचायतीत काही किंमत नाही. 'प्लॉट भागात सात दिवस रोज बघितलं, तीन दिवस नळ आला, दर वेळी वीस मिनिटं, शेवटच्या चार घरांत हंडा भरला नाही' याला आहे. फरक मोजणीचा.

प्रत्येक गटाला एकच विषय आणि एकच वही द्या. काय मोजायचं ते आधी ठरू द्या:

पाणी: नळ कधी आला, किती वेळ, शेवटच्या घरी किती हंडे.
दिवे: खांबाचा क्रमांक, दिवा चालू की बंद, जवळची खूण.
रस्ता: शाळेच्या वाटेवर कुठे पाणी साचतं, कुठे मुलं महामार्ग ओलांडतात, सकाळच्या एका तासात किती जण.
शाळा आणि अंगणवाडी: शौचालयाला कडी आहे का, आत पाणी येतं का, मुलींची सोय वेगळी आहे का.
बस: गाडीची वेळ आणि शाळेची वेळ. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा प्रवास मोफत आहे, पण शाळेच्या वेळेला गाडीच नसेल तर त्या पासचा उपयोग काय, हे वहीतल्या वेळाच सांगतील.

नंतर सगळे गट मिळून जमिनीवर खडूने किंवा रांगोळीने गावाचा नकाशा काढा आणि त्यावर खुणा करा. तो बघायला बाया-माणसं आपोआप जमतात आणि मुलांच्या चुका तिथेच दुरुस्त होतात. मग तो कागदावर उतरवा.

*सावधान:* फेरी सकाळी, सोबत दोन मोठी माणसं. विहिरी, पाटचाऱ्या, तापी-गिरणेचे डोह आणि पंपघर लांबून बघायचे. केळीच्या किंवा कपाशीच्या शेतात फवारणी चालू असेल तर त्या दिवशी शिवारात जायचं नाही. कोणाच्या घराचे, उघड्यावर बसलेल्या माणसांचे किंवा लहान मुलांचे फोटो काढायचे नाहीत.

याहून मोठी सावधगिरी माणसांबद्दल आहे. कोणाचं अतिक्रमण, कोणाची दारूची भट्टी, कोणत्या घरात बालविवाह ठरतोय, हे मुलांना माहीत असतं. अशी माहिती गावफेरीच्या वहीत येऊ देऊ नका आणि ग्रामसभेत मुलाच्या तोंडून तर कधीच नाही, कारण त्याचा राग मुलाच्या घरावर निघतो. बालविवाहासाठी ग्रामसेवक हेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. अंगणवाडी सेविका, ग्राम बाल संरक्षण समिती आणि 1098 ही मुलांची हेल्पलाइन हे मार्ग आहेत. तिथे शिक्षकाने जावं, नाव मुलाचं येऊ नये.

6. प्रश्न निवडा आणि तीन ढिगांत लावा

फेरीतून वीस-पंचवीस प्रश्न निघतात. सगळे नेले तर एकही होत नाही. प्रत्येक प्रश्नासमोर एक वाटी ठेवा, प्रत्येक मुलाला तुरीचे पाच दाणे द्या आणि बाकीच्यांना पाठ फिरवायला लावून एकेकाला ते टाकायला सांगा. हात वर करून मत घेऊ नका. मोठ्या मुलाकडे बघून सगळे हात वर जातात. मुलींचे दाणे वेगळ्या रंगाचे ठेवले तर शौचालयाचा प्रश्न कोणाला किती महत्त्वाचा वाटतो हे लख्ख दिसतं.

पुढे आलेले प्रश्न तीन ढिगांत लावा. हे काम शांतपणे, दोन तास घेऊन करा. अर्ज फुकट जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे चुकीच्या दाराशी मागणी करणं.

पहिला ढीग, मुलं स्वतः करू शकतात ते: हातपंपाभोवतीचा चिखल काढणं, झाडांना पाणी, शाळेतला ओला-सुका कचरा. याला पंचायतीची वाट बघू नका. पण गाव झाडण्याचं काम मुलांच्या माथी मारून त्याला सहभाग म्हणू नका, ते पंचायतीचं काम आहे.

दुसरा, पंचायतीच्या हातातलं: दिवे, गटारी, गावातली नळयोजना, अंगणवाडीची दुरुस्ती, खेळाची जागा, वाचनालय.

तिसरा, पंचायतीच्या बाहेरचं: विजेच्या लोंबणाऱ्या तारा महावितरणच्या, गाडीची वेळ एसटीच्या आगार व्यवस्थापकाची, नवापूर-धुळे-जळगाव या 53 क्रमांकाच्या महामार्गावरचा गतिरोधक राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. इथे पंचायतीकडे काम मागायचं नसतं. ग्रामसभेने ठराव करून तो त्या खात्याला पाठवावा, एवढंच मागायचं. ठरावाची प्रत जोडलेल्या अर्जाला खात्यात जे वजन येतं ते नुसत्या अर्जाला येत नाही.

दुसऱ्या ढिगातले दोन आणि तिसऱ्यातला एक, एवढेच घेऊन पुढे जा.

7. बालसभा

जागा शाळेची, वेळ दीड तास, सगळे सतरंजीवर, पाहुण्यांना खुर्च्या नाहीत. हार-तुरे, दीपप्रज्वलन, स्वागतगीत ठेवू नका. अर्धा तास तिथेच जातो आणि मुलं पुन्हा प्रेक्षक होतात. अध्यक्ष मुलांमधून. मुलांनी नकाशा आणि आकडे मांडायचे, सरपंच आणि ग्रामसेवक यांनी शेवटी बोलायचं आणि तेही फक्त तीन प्रश्नांवर: हे होईल का, कोणत्या निधीतून, कधी.

शिक्षकांनी एक पथ्य पाळावं. मूल अडखळलं की वाक्य पुरं करायला धावू नका. दहा सेकंद थांबा, ते बोलतं.

8. अर्ज असा लिहा

एक पान, एक विषय. तीन विषय असतील तर तीन अर्ज. नमुना असा:

'विषय: शाळेकडे येणाऱ्या वळणावर दोन दिवे लावण्याबाबत.
आम्ही शाळेतील मुलांनी 4 ते 10 ऑगस्ट या काळात पाहणी केली. वळणावरील दोन्ही खांबांवर दिवा नाही. संध्याकाळच्या वर्गाहून परत येताना रोज 31 मुले या वाटेने जातात. नकाशा व नोंदी जोडल्या आहेत. या दोन खांबांवर दिवे लावावेत व हा विषय 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घ्यावा, ही विनंती. निर्णय शाळेस लेखी कळवावा.'

'अंधारामुळे भविष्य अंधारात' असली वाक्यं काढून टाका. जागा, आकडा, मागणी, तारीख पुरे.

ग्रामसभेची नोटीस साधारण सात दिवस आधी निघते, म्हणून अर्ज त्याआधी कार्यालयात पोचला पाहिजे. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. 'ठेवून जा, बघतो' असं म्हणाले तर मुलांनी तिथेच नम्रपणे थांबावं. पोच घेणं हा या सगळ्या शिक्षणातला मोठा धडा आहे.

*तपासा:* नोटीस लागली की मुलांनी फलकावर जाऊन वाचावी. आपला विषय वेगळ्या क्रमांकावर आहे की 'ऐनवेळच्या विषयांत' ढकललाय? ढकललेला असेल तर त्याच दिवशी ग्रामसेवकांना भेटा.

9. ग्रामसभेच्या दिवशी

मुलांना आणि पालकांना आधी सांगा: मतदार यादीत नाव असलेली माणसंच ग्रामसभेची सदस्य असतात. मुलं मत देऊ शकत नाहीत आणि गणपूर्तीत धरली जात नाहीत. अध्यक्षांच्या परवानगीने ती बोलतात. म्हणून मुलांच्या बाजूने हात वर करणारी मोठी माणसं सभेला हवीत. आदल्या संध्याकाळी मुलांनी आपापल्या गल्लीत जाऊन 'उद्या आमचा विषय आहे, या' असं सांगावं. विशेषतः आयांना. त्यांची महिला सभा ग्रामसभेच्या आधी होते, तिथेही हा विषय मांडून घ्या.

विषय सुरुवातीला घ्यायची विनंती करा. दुपारी सभा तापली की मुलांना घरी पाठवा. दोघांनी बोलायचं, तीन मिनिटं, नकाशा भिंतीला. भांडण सुरू झालं तर मुलांनी बाजू घ्यायची नाही.

सभेत सगळ्यात जास्त लक्ष प्रोसिडिंग बुकावर ठेवा. 'मुलांनी मनोगत व्यक्त केले' एवढीच नोंद झाली असेल तर काहीच झालेलं नाही. 'यावर विचार करण्यात येईल' हीसुद्धा न झाल्यासारखीच. ठरावात काम, जागा, निधी आणि मुदत यायला हवी, सूचक आणि अनुमोदक म्हणून मतदारांची नावं हवीत. वाचून दाखवायची विनंती सभा संपण्याआधी करा. नंतर ठरावाची नक्कल अर्ज करून घ्या.

10. पाठपुरावा आणि फाइल

शाळेच्या व्हरांड्यात एक फलक लावा: मागणी, ठराव क्रमांक, काय उत्तर आलं, आज काय स्थिती. दर महिन्याला दोन मुलं कार्यालयात जाऊन विचारतील आणि फलक बदलतील. प्रत्येक वेळी वेगळी दोन मुलं. काम झालं तर मोजणी पुन्हा करा. दिवा लागला, पण पंधरा दिवसांत गेला असेल तर ते कळायला हवं.

नकार आला तर तो वर्गात वाचा. कारण पटतंय का, मुलांना विचारा. कारण खरं असेल, जसं की जागा वनविभागाची आहे, तर मागणी बदला. कारणच दिलं नसेल तर पुढचा अर्ज त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन.

मार्चमध्ये नववीची मुलं फाइल आठवीकडे सोपवतील. त्यात नकाशा, नोंदवह्या, पोच, ठरावाची नक्कल, उत्तरं आणि उरलेल्या प्रश्नांची यादी हवी. शिक्षकाची बदली होते, सरपंच बदलतात, म्हणून फाइल शाळा व्यवस्थापन समितीच्या ताब्यात ठेवा.

आश्रमशाळा आणि शहरं

आश्रमशाळेतली मुलं दोन ठिकाणची असतात. शाळा ज्या गावात आहे तिथल्या पंचायतीकडे रस्ता, पाणी, कचरा यांबद्दल बोलता येतं. वसतिगृह, जेवण, वर्गखोल्या यांचा अर्ज आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे. पण मूल सुट्टीत स्वतःच्या पाड्यावर जातं, तेव्हा तिथली मोजणी करून आणू द्या. दिवाळीच्या सुट्टीतली अशी वही 26 जानेवारीच्या पाड्याच्या ग्रामसभेला वेळेवर पोचते. मूल शाळेत अडकलेलं असेल तर अर्ज पालकाच्या सहीने द्या.

अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा अशा नगरपालिकांत ग्रामसभा नसते. तिथे 1 ते 8 टप्पे तसेच ठेवा, गाव म्हणजे आपला प्रभाग धरा, अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या आणि प्रत प्रभागाच्या नगरसेवकांना. ठरावाऐवजी लेखी उत्तरच मागा, आणि ते येईपर्यंत फलकावरचा रकाना रिकामा ठेवा.